मोठ्या मुलांसोबत कोकण किनारा: आधी भरती-ओहोटी, मग मुक्काम, शेवटी ठिकाणं

कोकणच्या गाडीसफरीचं नियोजन बहुतेक घरांत उलट्या क्रमानं होतं. आधी ठिकाणांची लांबलचक यादी, मग हॉटेलं, आणि निघायच्या आदल्या रात्री नकाशा. भरती-ओहोटी कोणी बघतच नाही. मग अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यासमोर उभं राहावं तर मध्ये कमरेच्या वर पाणी, हेदवीला पोहोचावं तर बामणघळीत कोरडा खडक, आणि जंजिऱ्याला जायला राजापुरीच्या धक्क्यावर भर उन्हात होडीची रांग. तिसऱ्या दिवशी मागच्या सीटवरची पंधरा वर्षांची मुलगी कानातले हेडफोन काढायला आणि गाडीतून उतरायला नकार देते. दोष तिचा नसतो, वेळापत्रकाचा असतो.

हा लेख १३ ते १८ वयाची मुलं बरोबर असणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण घेतलं आहे मुंबईहून निघून अलिबाग ते रत्नागिरी, ६ रात्री आणि ७ दिवसांचं. पुण्याहून निघणाऱ्यांना फक्त पहिला आणि शेवटचा दिवस बदलावा लागेल. टप्पे ज्या क्रमानं दिले आहेत, त्याच क्रमानं करा.

टप्पा १: यादी करण्याआधी अंतर कापा

सागरी रस्ता अरुंद आहे. गावातून जातो, वळणांचा आहे, मध्ये खाड्या आहेत. इथे सरासरी वेग ताशी २५ ते ३० किलोमीटर धरा. मोबाइलवरचा नकाशा दोन तास दाखवत असेल तर तीन धरा. किनाऱ्यावरच्या दिवसांत, फेरीबोटीची वाट पाहणं धरून, चार तासांपेक्षा जास्त प्रवास ठेवू नका. घरून निघायचा आणि घरी परतायचा दिवस याला अपवाद.

या हिशेबानं किनाऱ्याचे तीन तुकडे पडतात:

- अलिबाग, मुरुड, दिवेआगर, हरिहरेश्वर
- दापोली, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी
- विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला

तीन किंवा चार रात्री असतील तर एक तुकडा. सहा रात्री असतील तर लागून असलेले दोन. 'अलिबाग ते मालवण चार दिवसांत' हा बेत कागदावर जमतो, रस्त्यावर जमत नाही. त्यात रोज अंधारात मुक्कामावर पोहोचणं होतं आणि समुद्र फक्त काचेतून दिसतो. मुलांना मालवणच हवं असेल तर किनाऱ्यानं जाऊच नका. कोल्हापूरवरून घाट उतरून थेट तिथे जा आणि तीन रात्री तिथेच राहा.

तपासा: नावं जुळी आहेत. मुरुड दोन आहेत, एक जंजिऱ्याजवळचं रायगडातलं, दुसरं दापोली तालुक्यातलं हर्णैजवळचं. वेळासही दोन, एक श्रीवर्धन तालुक्यात, दुसरं कासवांचं, मंडणगड तालुक्यात. खोली आरक्षित करताना तालुका आणि जिल्हा वाचा. चुकीच्या मुरुडात आगाऊ पैसे भरले की अख्खा दिवस जातो.

टप्पा २: तारखेशेजारी तिथी लिहा

संपूर्ण नियोजनात सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच पायरीकडे होतं, आणि अर्धी सहल हिच्यावरच अवलंबून असते.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. चतुर्थीला तीन. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत हिशेब एकच. भरतीनंतर सुमारे सहा तास बारा मिनिटांनी पूर्ण ओहोटी, आणि रोज ही वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. मुंबई-अलिबागपासून दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी लवकर येते, आणि चढ-उतारातला फरकही कमी होत जातो.

दुसरी गोष्ट पाण्याचा जोर. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तिचा चढ-उतार कमी.

नियोजनासाठी हा हिशेब पुरेसा आहे. प्रत्यक्ष पाण्याजवळ जायच्या दिवशी मात्र त्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघा किंवा धक्क्यावरच्या माणसाला विचारा. पाऊणपटीच्या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक होऊ शकते.

आता हे थांब्यांना लावा:

*कुलाबा किल्ला, अलिबाग.* चालत जायला ओहोटी हवी, तीही दिवसा. षष्ठी ते एकादशी या काळात ओहोटी साधारण पावणेअकरा ते अडीचच्या दरम्यान येते. पौर्णिमेला ती पहाटे आणि संध्याकाळी येते, म्हणजे दुपारी बारा वाजता पोहोचणाऱ्याला भर भरती लागते.

*हरिहरेश्वरची प्रदक्षिणा.* देवळामागून खडकांच्या कडेनं जाणारी वाट. फक्त ओहोटीला करायची. भरतीत लाटा थेट वाटेवर येतात.

*हेदवीची बामणघळ.* इथे उलट. खडकातल्या चिंचोळ्या घळीत लाट घुसून पाणी उंच उडतं, पण ते भरतीलाच, आणि उधाणाच्या जवळ जास्त. ओहोटीला पोहोचलात तर बघण्यासारखं काही नसतं.

या तिन्ही गोष्टी एका फेरीत नीट बसत नाहीत, हे आधीच मान्य करा. ६ रात्रींच्या या सफरीला अष्टमी किंवा नवमीला निघणं सगळ्यात सोयीचं. पहिल्या दिवशी अलिबागला दुपारी बारा-एकची ओहोटी मिळते, आणि पाचव्या दिवशी, द्वादशी-त्रयोदशीला, हेदवीला सकाळी नऊ ते पावणेदहाच्या सुमारास उधाणाकडे झुकलेली भरती. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा यात सुटते. सोडून द्या.

दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्यांनी खास लक्ष द्यावं. पाडवा आणि भाऊबीज म्हणजे प्रतिपदा आणि द्वितीया, त्या दिवशी भरती पाऊण-दीडच्या सुमारास. म्हणून भाऊबीज आटोपून तृतीयेला निघालात तर कुलाब्याची ओहोटी सकाळी साडेआठची, मुंबईहून निघून ती गाठणं कठीण. अशा वेळी किल्ला लांबूनच बघा, किंवा आदल्या रात्री अलिबागला मुक्काम करा. आणि सप्तमीच्या दिवशी हेदवीला पोहोचाल तेव्हा भरती संध्याकाळी सव्वापाचची, तीही भांगाची. जोर कमी असेल हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

सावध: जून ते ऑगस्टमध्ये ही सफर या स्वरूपात करू नका. जंजिऱ्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, जलक्रीडा बंद असतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असल्यानं हर्णैचा लिलावही नसतो.

टप्पा ३: मुलांबरोबर बसा, पण कोरा कागद देऊ नका

'तुम्हाला कुठे जायचंय?' असं विचारलं की उत्तर येतं 'कुठेही', किंवा 'गोवा'. दोन्हींचा उपयोग नाही. त्याऐवजी टप्पा १ आणि २ पूर्ण करून, जमण्यासारखे दहा-बारा थांबे समोर ठेवा आणि प्रत्येकाला तीन गोष्टी द्या:

1. एक हक्काचा थांबा. तो कितीही किरकोळ वाटला तरी होणार. मुलाला मालगुंड-गणपतीपुळ्याच्या वाळूत तासभर फुटबॉल खेळायचा असेल, तर तोही थांबाच.
2. एक नकार. त्यानं खोडलेला थांबा यादीतून जातो, वाद नाही. आईवडिलांनाही नकार एकच.
3. एक काम, आणि ते खरं हवं. एकाकडे भरतीची वही: रोज रात्री उद्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा काढून सगळ्यांना सांगायच्या. दुसऱ्याकडे फेरीबोटी: पहिली-शेवटची फेरी विचारायची, तिकीट काढायचं. तिसऱ्याकडे रोख पैशांचा हिशेब. सोळा वर्षांच्या मुलाला पाण्याच्या बाटल्या मोजायला लावलं तर त्याला ते बरोबर कळतं.

कामं देताना जबाबदारीही द्या. भरतीची वही सांभाळणाऱ्या मुलीनं 'आता परत फिरायचं' म्हटलं की मोठ्यांनीही परत फिरायचं. एकदा तिचं ऐकलं नाही, तर पुढे ती वही उघडणार नाही.

पहाटे उठण्याचे दिवसही याच बैठकीत ठरवा. या वयाची मुलं उशिरा झोपतात आणि उशिरा उठतात, दटावून ते बदलत नाही. सात दिवसांत जास्तीत जास्त दोन पहाटा मागा. त्या कुठे वापरायच्या हे महत्त्वाचं: एक जंजिऱ्यासाठी, दुसरी हेदवीच्या भरतीसाठी. फेब्रुवारी अखेर ते एप्रिलमध्ये जात असाल तर दुसरी पहाट मंडणगडच्या वेळासला द्या, तिथे अंड्यांतून बाहेर आलेली कासवाची पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात. पिल्लं रोज निघतातच असं नाही, तेव्हा आदल्या दिवशी गावात फोन करून विचारा. फ्लॅश वापरायचा नाही आणि दोरीच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, हे गाडीतच सांगून ठेवा.

टप्पा ४: दिवसाला दोनच थांबे

एक मुख्य आणि एक हलका. बस. मुख्य थांब्याला अंग हलवावं लागतं किंवा वेळ पाळावी लागते. हलका थांबा रद्द झाला तरी कोणाला वाईट वाटू नये. तिसरा थांबा घुसडला की जेवण लांबतं, आणि जेवण लांबलं की दिवस संपला असं समजा.

निवडताना प्रत्येक थांब्याला एकच प्रश्न विचारा: इथे मुलांना करायला काय आहे? नुसतं 'बघायला' असेल तर तो हलका थांबा.

*जंजिरा.* मुख्य थांबा. राजापुरीच्या धक्क्यावर होड्या सुरू होतात त्या वेळेलाच पोहोचा, शनिवार-रविवारी तर नक्कीच. किल्ल्यावर होडीवाले मोजकाच वेळ देतात, बहुधा पाऊण तास. म्हणून आधी वर तटावर जा, कलालबांगडी तोफ आणि बुरूज बघा, मग उतरून गोड्या पाण्याचे तलाव. उलटं केलं तर तट राहून जातो. दरवाजाशी होडी लाटांवर हलत असते. पायरीवर पाय टाकताना दोन्ही हात मोकळे हवेत, मोबाइल खिशात. वर सावली कमी, प्रत्येकाची पाण्याची बाटली वेगळी.

*हर्णै बंदरातला माशांचा लिलाव.* मोठ्या मुलांना हमखास धरून ठेवणारी जागा, आणि एक पैसाही लागत नाही. संध्याकाळी चारनंतर जा. वाळूत माशांचं पाणी असतं, बूट नकोत, धुता येतील अशा चपला हव्यात. बोली लावणाऱ्यांच्या मध्ये उभं राहून व्हिडिओ काढू नका. बाजूला उभं राहून भाव कसा चढतो ते ऐका. माशांच्या वासानं मळमळणारं कोणी असेल तर त्याला आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर किंवा कड्यावरच्या गणपतीला दुसऱ्या मोठ्या माणसाबरोबर ठेवा, ओढून नेऊ नका.

*कातळशिल्पं.* म्हणजे जमिनीवरच्या कातळात कोरलेल्या जुन्या आकृती. रत्नागिरीजवळ उक्षीचा हत्ती जायला सोपा, भोवती कठडा बांधलेला आहे आणि वरून पूर्ण आकृती दिसते. राजापूरकडे देवाचे गोठणे इथल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, होकायंत्राची सुई भरकटते. तिथे खरं होकायंत्र घेऊन जा आणि मुलांना चार पावलांवर फरक मोजू द्या. सड्यावर झाड नाही, म्हणून सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर. आकृती उन्हाची तिरीप असताना उठून दिसते, डोक्यावर सूर्य असताना सपाट होते. रेषांवर पाय ठेवायचा नाही, खडूनं भरायच्या नाहीत, पाणी ओतायचं नाही.

*आरे-वारे.* गणपतीपुळे-रत्नागिरी रस्त्यावरचा उतार. हलका थांबा, अर्धा तास पुरतो. गाडी वळणावर उभी करू नका, रुंद जागा बघून थांबा.

*रत्नागिरीचं मत्स्यालय.* बाहेर ऊन मी म्हणत असताना दुपारी ठेवा. देवमाशाचा सांगाडा आहे. लहान मुलांची जागा म्हणून मोठी मुलं नाक मुरडतात, पण सांगाड्याखाली उभं राहिल्यावर अंदाज बदलतो.

जलक्रीडेबद्दल वेगळं सांगायला हवं. बनाना बोटीत मुद्दाम पाण्यात पाडतात, हे मुलांना माहीत असतं, आजोबांना नसतं, आधी विचारा. लाइफ जॅकेट मापाचं हवं: बक्कल लावल्यावर खांद्याचे पट्टे वर ओढले तर जॅकेट कानापर्यंत येता कामा नये. तिसऱ्या तुकड्यात मालवण-तारकर्लीला जाऊन स्कूबा करणार असाल तर सर्दी, कानदुखी किंवा दमा असलेल्या मुलाला पाण्यात उतरवू नका. आणि स्कूबाच्याच दिवशी आंबोली किंवा गगनबावडा चढून परतू नका. पाण्याखालून आल्यावर लगेच उंचीवर जाणं शरीराला घातक ठरू शकतं, मध्ये एक रात्र जाऊ द्या.

तपासा: कागदावर प्रत्येक दिवसापुढे तीन गोष्टी लिहिल्या गेल्या का? मुख्य थांब्याची वेळ, जेवणाची जागा, सूर्यास्ताची वेळ. डिसेंबरात सूर्य सहाच्या जरा पुढे मावळतो. साडेसहाला किनाऱ्यावर पोहोचण्याचा बेत असेल तर तो बेत अंधाराचा आहे.

टप्पा ५: फेरीबोटी आणि मुक्काम एकत्र ठरवा

या मार्गावर पाच ठिकाणी गाडी पाण्यावरून न्यावी लागते: मुंबईत भाऊचा धक्का ते मांडवा, आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे, आणि तवसाळ ते जयगड. पहिली मोठी रो-रो, म्हणजे गाड्या थेट आत चढवता येणारी बोट आहे, तासाभराची, तिचं आरक्षण आधी करा. बाकीच्या चार छोट्या, गावात त्यांना जंगलजेटीच म्हणतात, पाच-पंधरा मिनिटांत पलीकडे.

फेरी चुकली तर काय होतं, हे एकदा समजून घ्या. दाभोळहून धोपाव्याला पाण्यावरून दहा-पंधरा मिनिटं. तेच रस्त्यानं दापोली, चिपळूण, गुहागर असा शंभर किलोमीटरच्या वरचा वळसा. म्हणून नियम असा: शेवटच्या फेरीच्या किमान दोन तास आधी धक्क्यावर. मुक्काम खाडीच्या पुढच्या बाजूला घ्या, म्हणजे सकाळी फेरीची घाई राहत नाही.

फेरीवर गाडी चढवताना:

1. मुलांना आधी उतरवा, पायी चढू द्या. गाडीत फक्त चालक.
2. ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि बुडाला शेवाळ असतं. पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, सरळ. गाडी खाली टेकणारी असेल तर खलाशी सांगेल तशी तिरकी घ्या.
3. काही वेळा रिव्हर्स चढवायला सांगतात. आरशात बघून जमत नसेल तर तसं सांगा, संकोच नको.
4. चढल्यावर हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, इंजिन बंद करा.

मुक्कामाला घरगुती सोय चांगली, पण फोनवर हे विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका: मुलांना वेगळी खोली किंवा निदान वेगळे पलंग आहेत का, बाथरूम खोलीला लागून आहे का, रात्रीचं जेवण किती वाजेपर्यंत सांगायचं. कोकणात घरगुती जेवण सांगितल्यावर शिजतं. दुपारी दीडला फोन न करता पोहोचलात तर तिथे भात लावायलाच पाऊण तास जाईल. सकाळी निघतानाच पुढच्या ठिकाणी किती ताटं, किती शाकाहारी, किती मासे, हे कळवा. मासे न खाणाऱ्या मुलांसाठी अंडं किंवा उसळ आधीच सांगून ठेवा. हरिहरेश्वर, वेळणेश्वर आणि गणपतीपुळ्याला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासं आहेत, सुट्टीत ती लवकर भरतात.

एकाच ठिकाणी सलग दोन रात्री, निदान एकदा तरी. रोज बॅगा भरणं मुलांना सगळ्यात जास्त थकवतं.

टप्पा ६: मार्ग कागदावर मांडा

नवमीला निघाल्याचं धरून:

*दिवस १.* सकाळची रो-रो, मांडवा, अलिबाग. साडेअकराला किनाऱ्यावर. एकच्या सुमारास ओहोटी, म्हणून बाराच्या आत कुलाब्याकडे चालायला लागा आणि दोनच्या आत परत या. मग जेवण, रेवदंडा, काशीदवरून मुरुड. काशीदला थांबायचा मोह होतो. टाळा.

*दिवस २.* पहिली पहाट. राजापुरी, जंजिरा. आगरदांडा-दिघी. दुपार दिवेआगर किंवा श्रीवर्धनला, मुक्काम हरिहरेश्वर. संध्याकाळी पाणी चढत असतं, प्रदक्षिणेच्या वाटेवर उतरू नका.

*दिवस ३.* सावकाश उठा. बागमांडला-वेशवी, केळशी, आंजर्ले. चारनंतर हर्णै. मुक्काम दापोलीच्या मुरुडला किंवा कर्द्याला.

*दिवस ४.* सकाळ रिकामी. खरोखर रिकामी, 'जमलं तर अमुक बघू' असं काही लिहू नका. जेवून दाभोळ-धोपावे, गुहागरला मुक्काम. लांब सपाट किनारा आहे, चेंडू काढा.

*दिवस ५.* दुसरी पहाट. भरती साडेनऊच्या सुमारास, म्हणून नऊच्या आत हेदवी. मग तवसाळ-जयगड, गणपतीपुळे किंवा मालगुंड. इथे दोन रात्री.

*दिवस ६.* सकाळी उक्षी, दुपारी रत्नागिरीत जेवण आणि मत्स्यालय, परतताना आरे-वारे सूर्यास्ताला.

*दिवस ७.* परतीचा प्रवास. पुण्याकडे चिपळूण, कुंभार्ली, कराडमार्गे किंवा आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे. मुंबईला महामार्गानं सरळ. सकाळी सातला निघा.

टप्पा ७: गाडी, सामान, पैसे

टाकी अर्ध्यावर आली की भरा. अलिबाग, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी इथे पंप मिळतात, मधल्या गावांत भरवसा नाही. सीएनजीवर विसंबून किनाऱ्यानं जाऊ नका. मोबाइलचं नेटवर्क खाड्यांच्या उतारावर जातं, म्हणून नकाशे आधी उतरवून ठेवा आणि रोख पैसे जवळ बाळगा. फेरीचं तिकीट, होडी, घरगुती जेवण, तिन्हीकडे रोख लागू शकते.

प्रत्येकाची एक छोटी पिशवी मांडीजवळ: कपड्यांचा एक जोड, टॉवेल, टोपी, पाणी, खाऊ. मोठ्या बॅगा दिवसा उघडायच्या नाहीत. पोहायला सुती कपडे नकोत, ओले सुती कपडे जड होतात आणि अंगाला घासतात. मुलींसाठी सॅनिटरी पॅड घरूनच पुरेसे घ्या, काळ्या पिशव्याही घ्या. किनाऱ्यावरच्या छोट्या दुकानात हवं ते मिळेलच असं नाही, आणि ते मागायला लागू नये हेच बरं.

घाटात उलटी होणाऱ्या मुलाला पुढे बसवा, मोबाइल बंद, रिकामं पोट नको आणि भरलेलंही नको. औषध डॉक्टरांना विचारून, घाटाच्या आधी अर्धा-एक तास. वळणं सुरू झाल्यावर दिलेली गोळी बहुधा बाहेरच पडते.

सावध: सुनसान रस्ता बघून सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती स्टेअरिंग किंवा भाड्याची स्कूटर देऊ नका. २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन चालकाच्या पालकाला ₹२५,००० दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद आहे. गाडी वाळूत उतरवणंही नको. ओल्या वाळूवर गाडी चालते, मग चाक रुततं, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत भरती येते.

टप्पा ८: पाण्याजवळचे नियम

हे नियम पहिल्या दिवशी, पाणी दिसायच्या आधी, गाडीत सांगा. किनाऱ्यावर पोहोचल्यावर कोणी ऐकत नाही.

- तलावात किंवा टाकीत पोहता येणं म्हणजे समुद्रात पोहता येणं नव्हे. पाणी कमरेपर्यंतच.
- ओहोटी लागली की पाण्याबाहेर. परत जाणारं पाणी पायाखालची वाळू ओढतं. गणपतीपुळ्याला किनारा एकदम खोल होतो, तिथे चांगले पोहणारेही बुडाले आहेत. जीवरक्षक आणि लाल निशाण जिथे सांगेल तिथेच थांबा.
- ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा हट्ट नको. अंग सैल सोडा, हात वर करा, किनाऱ्याला समांतर सरका. बाहेरच्यांनी आत उडी घ्यायची नाही, दोर, जॅकेट, रिकामा पाण्याचा कॅन, जे असेल ते फेका.
- ओला काळा खडक म्हणजे शेवाळ. फोटोसाठी समुद्राकडे पाठ करून खडकाच्या टोकाला उभं राहायचं नाही. बामणघळीच्या काठापासून लांब थांबा. पाच लाटा लहान आल्या म्हणून सहावीही लहान येईल असं नाही.
- जोडीनं जायचं. एकटं कोणीच नाही, मोठ्यांनीसुद्धा.
- कुलाब्याला जाताना मधली वाळू कोरडी दिसली तरी परतीची वेळ जातानाच ठरवा आणि सगळ्यांच्या मोबाइलवर गजर लावा. पाणी समोरून येत नाही. आधी बाजूच्या खोलगट भागात भरतं आणि मग वाट तुटते. वाट तुटली तर उतरू नका, किल्ल्यावरच थांबा आणि होडी किंवा पुढची ओहोटी बघा.

जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्यानं धुवा, चिकटलेले धागे चिमट्यानं किंवा कार्डाच्या कडेनं काढा. पाकट माशाचा (स्टिंग रे) काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून दवाखाना गाठा. गुहागर, दापोली, रत्नागिरी इथल्या रुग्णालयांचे नंबर निघतानाच सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घाला, फक्त चालकाच्या नाही.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवून घ्या. फेरीच्या उतारावर उडालेलं खारं पाणी ब्रेकच्या भागांवर आणि सायलेन्सरवर बसलेलं असतं. ओले कपडे ठेवलेली डिकी उघडी ठेवून वाळवा, आणि चटया उचलून त्याखालची वाळू झाडा.